दिसतं किती, कळतं किती: कोकणातल्या पाच जुन्या जागा आणि तुमचे दोन दिवस

मागच्या दिवाळीआधी एका मैत्रिणीचा फोन आला. वडील रिटायर झालेले, मुलगा दहा वर्षांचा, गाडी आहे, दोन दिवस मोकळे आहेत. "कोकणात जुनं काहीतरी दाखवायचंय गं दोघांना. देवळं आणि बीच सोडून. तू तर हेच करत असतेस."

हेच करते, हे खरं. टीव्हीसाठी माहितीपट काढते आणि त्यातले बरेचसे कोकणपट्टीतल्या जुन्या जागांवरचे असतात. रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला, गेलं की वहीत मी दोन रकाने आखते. एक 'दिसतं किती', दुसरा 'कळतं किती'. पहिला कॅमेरामनच्या कामाचा, दुसरा लेखकाच्या. कोकणात हे दोन्ही रकाने एकाच जागी भरले असं फार क्वचित होतं. कुठे डोळे दिपतात पण ते कोणी केलं ते सांगता येत नाही, तर कुठे करणाऱ्याचं नाव, गाव, धंदा सगळं ठाऊक असतं आणि कॅमेऱ्यासमोर नुसती एक काळपट खोली.

मैत्रिणीला मी जे फोनवर सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहिते. आवडीनिवडी माझ्या आहेत, भांडायला मोकळे आहात.

घारापुरी की कुडे?

खरी चुरस मला या दोघांतच वाटते, म्हणून सुरुवात इथून.

घारापुरीचा पहिला रकाना काठोकाठ भरलेला. गेटवेवरून तासाभराची लाँच, जेट्टीवरून छोटी रेल्वे, मग पायऱ्या, आणि आत गेल्यावर मागच्या भिंतीतून साधारण २० फूट उंचीचा सदाशिव पुढे येतो. उजेड उत्तरेच्या दारातून येतो आणि मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत, त्यामुळे तो तिच्यावर थेट आदळत नाही, हळूहळू पोचतो. डोळ्यांना सवय व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. बहुतेक लोक तेवढ्या वेळात सेल्फी काढून परत फिरलेले असतात. सदाशिवाकडे तोंड करून उभं राहिलात तर तुमच्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर, आणि पश्चिमेकडे चार दारांचा गाभारा, प्रत्येक दारावर द्वारपाल. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, ते उगाच नाही.

पण दुसरा रकाना? हे कोणी खोदवलं याचा एक ओळीचाही लेख आज तिथे नाही. एक होता. पोर्तुगीजांनी तो दगड काढून आपल्या राजाकडे धाडला, तिकडे तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे हरवला, असं त्यांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवलंय. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली, त्यावरून सहाव्या शतकाचा आणि कलचुरींचा अंदाज बांधतात. कोकणच्या मौर्यांचंही नाव घेतात. एवढ्या मोठ्या कामाचा मालक अंदाजाने ठरवायचा, याची मला दरवेळी चुटपुट लागते. ज्या दगडी हत्तीवरून 'एलिफंटा' नाव पडलं तो हत्तीही आता बेटावर नाही. तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. राणीच्या बागेत जाणारी निम्मी माणसं त्याच्या शेजारून आईस्क्रीम खात निघून जातात.

आता कुडे. रायगड जिल्ह्यात, तळ्याकडून मांदाडच्या खाडीकडे उतरताना लागणारं छोटं गाव आणि त्याच्या टेकडीत २६ बौद्ध लेणी, दोन थरांत. मोठे खांब नाहीत, कमानी नाहीत. सपाट छताच्या चौकोनी खोल्या, झोपायचे दगडी ओटे, पाण्याची टाकी, चार-पाच ठिकाणी साधे स्तूप. सहाव्या लेण्यासमोर हत्ती आहेत आणि भिंतीवर मिथुनं म्हणजे स्त्री-पुरुषांच्या जोड्या, नंतरच्या काळात कोरलेले बुद्ध; डोळ्याला खाऊ एवढाच. एका वाहिनीकडे मी कुड्याचा प्रस्ताव दोनदा पाठवला, दोन्ही वेळा एकच उत्तर: मॅडम, इथे दाखवायला काय आहे?

दाखवायला खरंच कमी आहे. वाचायला मात्र इतकं आहे की माझा दुसरा रकाना वहीच्या बाहेर गेला. इथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि ही माणसं राजे नाहीत. महाभोज या इथल्या स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या घराण्यातली मंडळी आहेत, ती असणारच, मुलूख त्यांचा होता. पण त्यांच्याबरोबर माळी आहे, वैद्य आहे, भिक्षुणी आहेत. महाभोजाच्या पदरी असलेला शिवभूती नावाचा लेखनिक आहे. आणि माझा सगळ्यात आवडता, कऱ्हाडचा महिक. धंदा: लोखंडाचा व्यापार. कऱ्हाडच्या लोखंडवाल्याने समुद्रकाठच्या टेकडीत भिक्षूंसाठी खोली खोदवून द्यायचं कारण काय? नकाशा काढा. कऱ्हाडहून घाट उतरून माल बंदराकडे येतो, समोर खाडी, खाडीच्या तोंडाशी समुद्र. ग्रीक खलाशांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनात या किनाऱ्यावरच्या 'मंदगोरा' नावाच्या बंदराचा उल्लेख आहे आणि काही अभ्यासक ते मांदाड मानतात. तसं धरलं तर महिक धंद्याच्या वाटेवरच दान करत होता. आजही हायवेलगतच्या देवळाच्या पायरीवर 'अमुक ट्रान्सपोर्ट, कराड यांजकडून' असं कोरलेलं दिसतं, त्यातलाच हा प्रकार.

तुलना मग अशी. घारापुरीला कसलीही तयारी न करता गेलात तरी काहीतरी मिळतं. कुड्याला तसंच गेलात तर अर्ध्या तासात "चला, झालं" म्हणाल आणि मला शिव्या द्याल. आदल्या रात्री लेखांची भाषांतरं शोधा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा, तिथे नेटवर्कचा भरवसा धरू नका. मग एकेका दारात उभं राहून त्या त्या माणसाचं नाव मोठ्याने वाचा. गर्दी नसते, कोणी हसत नाही.

व्यवहाराचं: घारापुरी सोमवारी बंद, पावसाळ्यात लाँच हवामानाच्या मर्जीवर, पायऱ्यांवर दुकानं आणि माकडं दोन्ही अंगावर येतात. कुड्याला स्वतःची गाडी हवी. मुंबईहून पहाटे निघालात तर महामार्गाच्या कृपेने संध्याकाळी परत. चढण आहे, पण गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाही थांबत थांबत जमेल अशी.

पन्हाळेकाजी, थोडक्यात

ज्यांना कुड्याचं साधेपण सोसवणार नाही आणि घारापुरी बघून झालंय, त्यांच्यासाठी मधली वाट. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी. इतरत्र लेण्यांसाठी चढावं लागतं, इथे उतरावं लागतं. गर्द झाडी, खाली नदी, आणि एका ओळीत हजारेक वर्षांची भाडेकरू-बदली: आधी बौद्ध, मग तांत्रिक वळणाचे वज्रयानी बौद्ध, मग शिलाहार राजांच्या काळात शिव आणि गणपती, शेवटी नाथपंथी. मागच्याने खोदलेली खोली पुढच्याने आपल्या देवासाठी वापरली. इथल्या एका ताम्रपटावर ११३९ साल आहे आणि त्यातलं 'प्रणालक' म्हणजे हेच पन्हाळे. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी १९७० च्या दशकात हा सगळा समूह नीट उजेडात आणला. कोकणातली एवढी मोठी लेणी इतक्या उशिरा अभ्यासकांच्या नजरेत यावीत याचं नवल वाटतं, पण तिथे जाऊन बघितलंत की वाटणार नाही. पावसाळ्यात दरी अशी मिटून जाते की रस्त्यावरून काही असल्याची शंकासुद्धा येत नाही.

दोन्ही रकाने अर्धे-अर्धे भरतात. दापोलीत मुक्काम असेल तर सकाळ इथे घालवा. मुद्दाम मुंबईहून फक्त यासाठी जाल का, ते तुम्हाला लेण्यांचं वेड किती त्यावर.

सडा

आता जिथे माझं मन आणि वही यांचं पटत नाही ती जागा.

रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरची, कातळशिल्पं. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ, अशी नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. याखेरीज आणखी कितीतरी सड्यांवर आहेत. गुराख्यांना ती आधीपासून ठाऊक होती, कोणी पांडवांची म्हणत, कोणी नुसतीच 'चित्रं'. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी वर्षानुवर्षं गावोगावी विचारत, सडे तुडवत त्यांची नोंद केली, म्हणून आज आपण यादी करू शकतो.

पहिला रकाना? कशेळीला चला. कातळात कोरलेला हत्ती, साधारण १८ मीटर लांब. जमिनीवर उभं राहून तो दिसतच नाही. तुम्ही हत्तीच्या पोटात उभे असता आणि पायाखालच्या रेषा कसल्या ते कळत नाही. हळूहळू एक मासा उमटतो, मग एक चार पायांचं जनावर, मग आणखी एक. हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत जमिनीवरचे आणि पाण्यातले कितीतरी प्राणी आहेत. या सड्यांवरच्या चित्रांत गेंडाही आहे, आणि कोकणात आज गेंडा नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. दहा वर्षांच्या मुलाला एवढं एक वाक्य सांगून सोडून द्या, पुढचा तासभर तो स्वतःच शोधत बसेल.

बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ मोठी चौकोनी रचना, नक्षीने भरलेली. देवाचे गोठण्याला, भार्गवरामाच्या गावात, माणसाची आकृती आणि तिच्याजवळ होकायंत्र धरलं की सुई भलतीकडे फिरते. हे मी स्वतः करून बघितलंय. जांभ्यात लोह असतं आणि त्या जागी चुंबकीय गडबड आहे. ती त्या माणसांना कळली होती का, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

कारण इथला दुसरा रकाना जवळजवळ कोरा आहे. कातळात कोरलेल्या रेषेत कार्बन नसतो, त्यामुळे तिचं वय थेट मोजता येत नाही. आजूबाजूची दगडी हत्यारं, चित्रांतले प्राणी, शेतीच्या किंवा गाड्यांच्या चित्रांचा अभाव, अशा आडवाटेने मध्याश्मयुगापर्यंतचे अंदाज बांधले जातात आणि त्यावर मतभेद आहेत. कोणी कोरलं, कशासाठी, इतकं मोठं का, याचं उत्तर नाही. वाहिन्यांना असं उत्तर नसणं चालत नाही. बारसूच्या माणसाचं सिंधू संस्कृतीच्या मुद्रांशी नातं लावा म्हणतात, नाहीतर थेट परग्रहावरून माणसं उतरवतात. एकदा माझ्या एपिसोडच्या नावात शेवटच्या क्षणी 'रहस्य' हा शब्द घुसवला गेला. त्या गावच्या सरपंचांनी नंतर फोन करून विचारलं, "काय ताई, आमच्या सड्यावर रहस्य कुठून आणलात?"

माझीही एक चूक कबूल करायला हवी. पहिल्या शूटिंगला रेषा ठसठशीत दिसाव्यात म्हणून आम्ही त्यांत खडूची भुकटी भरली. टीव्हीवर झकास दिसलं. पुढे एका अभ्यासकाने शांतपणे सांगितलं की रेषेच्या कडा अशाच झिजतात, आणि खडूने तुम्ही जी रेषा काढता ती तुम्हाला वाटलेली असते, त्याने कोरलेली नव्हे. तेव्हापासून आम्ही सकाळी सातला सड्यावर हजर असतो. ऊन तिरपं असलं की खोदलेल्या रेषेत सावली भरते आणि जनावर आपोआप उठून येतं. दहा वाजले की सावली संपते आणि चित्रही संपतं. संध्याकाळी पाचनंतर परत येतं. म्हणजे सड्याचा खरा मुहूर्त दिवसातून दोनदा, दोन-दोन तासांचा. मधल्या वेळात गावात जाऊन जेवा.

ऋतूही बघा. पावसाळ्यात सडा फुलांनी भरतो, नजर ठरत नाही, पण चित्रं पाण्याखाली. ऑक्टोबरात गवत उंच. गवत काढल्यानंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हा काळ उत्तम. मे महिन्यात कातळ तव्यासारखा तापतो आणि सावलीला झाड नाही. उक्षी सोपं: कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, तिथल्या हत्तीच्या चित्राभोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालून ते राखलंय. बाकी ठिकाणी गावातल्या माणसाला विचारून, त्याला सोबत घेऊन जा आणि चार पैसे त्याच्या हातावर ठेवा. चपला काढून चाला, रेषांवर पाय देऊ नका. शेजारीच चिरेखाण दिसली तर दचकू नका. ज्या दगडात चित्रं आहेत त्याच दगडाची घरं बांधली जातात, आणि कोणता सडा खाणीला जाणार हे चित्रं बघून ठरत नाही.

विजयदुर्ग, सांगोवांगीची पंचाईत

इथे एक तिसरा रकाना आखावा लागतो: 'सांगतात किती'.

किल्ला देखणा आहे यात वाद नाही. आधीचा घेरिया, शिलाहारांचा मानतात. मग मराठ्यांचा, आंग्र्यांचा. १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आला. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्गही त्यात आहेत. पण पुरातत्त्वाच्या दृष्टीने इथली सर्वांत भारी गोष्ट तुम्हाला दिसणार नाही. किल्ल्याजवळ समुद्राच्या तळाशी दगडी भिंत आहे, सुमारे १२२ मीटर लांब, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी मोजलेली. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटत, असं वाटाडे रंगवून सांगतात. काठावरून बघाल तर नुसतं पाणी. त्याऐवजी वाघोटण खाडीकडे वळा, गिर्ये गावाजवळ मराठ्यांची जहाजगोदी आहे. भरतीला जहाज आत, ओहोटीला ते कोरड्यावर, मग दुरुस्ती. ओहोटीची वेळ विचारून गेलात तर ही यंत्रणा डोळ्यांनी समजते. किल्ला बघून लोक थेट मालवणला मासे खायला पळतात आणि हे राहून जातं.

आणि हेलियम. "याच किल्ल्यावरून १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने हेलियमचा शोध लावला", हे वाक्य मीदेखील एकदा व्हॉइसओव्हरमध्ये जाऊ दिलं होतं. १८६८ मध्ये लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ इंग्लंडातच होता. सूर्याच्या वर्णपटावरचं त्याचं त्या वर्षीचं काम तिथलंच. ग्रहण बघायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आला होता, तो गुंटूरला. लॉकियर विजयदुर्गावर आला हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने हेलियम प्रयोगशाळेत वेगळा करूनही तीन वर्षं झाली होती. ग्रहण बघायला वापरलेले 'साहेबाचे ओटे' बघा जरूर, तीस वर्षांचा घोळ मनातल्या मनात वजा करून. एवढा इतिहास खराखुरा असताना उसना कशाला आणतात कोण जाणे.

मग कोणी कुठे जावं

मुंबईत राहता, एकच दिवस आहे, घरात म्हातारी माणसं नाहीत आणि घारापुरी शाळेच्या सहलीनंतर बघितलेलं नाही: परत घारापुरीच, पहिल्या लाँचने. तेही नको असेल तर नालासोपाऱ्याला जा. तिथला बुरुड राजाचा कोट म्हणजे स्तूप; १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला आणि त्याच सोपाऱ्यात त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. लोकलच्या तिकिटात अशोक.

अलिबागला पार्टीसाठी जाताच आहात तर आक्षीचा गधेगाळ बघा, दहा मिनिटांचं काम. शके ९३४, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी मानला जाणारा. वर सूर्य-चंद्र, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी, चित्रासकट. मुलांना चित्राचा अर्थ काय सांगायचा ते तुमचं तुम्ही बघा.

मुलं सोबत आहेत, दोन दिवस आहेत, रत्नागिरीपर्यंत जायची तयारी आहे: डोळे मिटून सडा. पण ज्यांना प्रत्येक गोष्टीचं उत्तर लागतं, ज्यांचा पहिला प्रश्न "पण हे कोणी केलं?" असतो, त्यांना सड्यावर नेऊ नका. ते चिडचिड करतील.

मला स्वतःला एकच निवड असेल तर? नोव्हेंबरातली सकाळ असेल तर कशेळी. बाकी वर्षभर कुडे.

मैत्रिणीला मी कुडे सुचवलं. मुलासाठी सडा जास्त योग्य होता हे मला माहीत होतं, पण काकांची अख्खी नोकरी मामलेदार कचेरीत कारकून म्हणून गेली होती आणि मला ते एकदम आठवलं. लेखांची भाषांतरं मी तिला पाठवून दिली. संध्याकाळी तिचा फोन आला. मुलगा कंटाळला होता, खाडीवर खेकडे शोधत बसला. काका मात्र लेखनिक शिवभूतीच्या लेण्यात पाऊण तास होते. भिंतीवरून हात फिरवला, आत डोकावले, बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि विचारलं, "एवढं खोदवायचं म्हणजे खर्च किती आला असेल? आणि याचा पगार किती होता, ते कुठे लिहिलंय का?"